टाकी कोरडी ठेवू नये

२८ मार्च, शुक्रवार

कळवण्यास अत्यंत दुःख होते की शेजारच्या बंगल्याची बेल आज दिवसभरात पाच वेळा वाजली. दाराशी कुणी नव्हतं. आतही कुणी नव्हतं, गेल्या एप्रिलपासून नाही. त्या बेलची खोड अशी — लाइट गेली की गप्प, लाइट आली की अख्खी आरती. आणि आमच्या गावात लाइट दिवसातून इतक्या वेळा येते की देवालाही कंटाळा आला असेल.

मी पुष्कळ सोसलं आहे. पत्र्याचं घर, माळावरचं ऊन, चार दिवसांआड टँकर, वीस टक्के अनुदानावर चाललेली शाळा, आणि त्या शाळेत नववी 'ब'ला मराठी. कधी ब्र काढला नाही. पण ही बेल म्हणजे मानवतेवरचा हल्ला आहे.

बंगला माझ्या धाकट्या दिराचा, आकारामचा. नाव 'मातृछाया'. माता शेजारी माझ्याकडे पत्र्याखाली असते. छाया कुलपात आहे.

किल्ली माझ्याकडे. दर गुरुवारी उघडायचं, झाडायचं, देवापुढं दिवा लावायचा, बंद करायचं. जे गेले त्यांच्या किल्ल्या जे राहिले त्यांच्या खुंटीवर — ही आमच्याकडची रीत. पलीकडच्या हौसाक्काच्या खुंटीवर चार बंगले लटकलेले आहेत. तिच्या स्वतःच्या दाराला कुलूप नाही, नुसती कडी.

बेलची एक वायर उपटली की प्रश्न मिटेल. पण वस्तू दुसऱ्याची. मी तत्त्वाची बाई आहे. ऐकत बसते.

३१ मार्च

आमच्या नळाला आज दोन वर्षं झाली. घरोघरी बसवले होते. नारळ फोडला, तोटीला हळदकुंकू लावलं, सासूबाईंना — मी त्यांना आत्याबाई म्हणते — नळाशेजारी उभं करून फोटो काढला. पाणी तेवढं यायचं राहिलं. कालवाही आला, पण तो गावाच्या खालच्या अंगानं गेला. पाणी चढावर येत नाही म्हणाले. खरं आहे. इथं चढून येण्यासारखं पाण्याला तरी काय आहे?

नळ मात्र मजबूत. मी त्याला दळणाची पिशवी अडकवते.

३ एप्रिल, गुरुवार

दिवा लावला. सोफ्याची प्लॅस्टिकची कव्हरं झटकली. पाच बाथरूम, पाचांत शॉवर. इथं! हा शहाणपणा आमच्याच माणसांना सुचतो. आकारामला बांधतानाच विचारलं होतं, "भाऊजी, ह्यातून काय येणार?" तर म्हणाला, "वहिनी, येईल तवा येईल. पाईप तर टाकून ठेवलाय."

संध्याकाळी दादासोंचा फोन. विट्याच्या साप्ताहिकाचे संपादक, माझ्या सदराचे आश्रयदाते. जत्रेचा विशेषांक काढताहेत.

"मॅडम, एकच विषय. गाव सोडावं का? गेलेल्यांना चांगलं सोलून काढा. तुमची लेखणी म्हंजे चाबूक."

"जाहिराती कुणाच्या आहेत?"

"गलाईवाल्यांच्याच की. अख्खी पानं घेतल्यात."

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं. आमच्या भागातली निम्मी माणसं त्या धंद्यात देशभर पांगलेली. पंजाबात आहेत, केरळात आहेत, आकाराम सेलमला आहे. तिकडं दुसऱ्याचं सोनं शुद्ध करतात आणि वर्षातून एकदा, भैरोबाच्या जत्रेला, स्वतः शुद्ध व्हायला गावी येतात.

"त्यांच्या पैशानं त्यांनाच शिव्या?" मी म्हटलं.

"आवडतं त्यांना. तुम्ही शिव्या घातल्या की गाव अजून आपलं हाय असं वाटतंय. गेल्या वर्षीचा लेख प्रत्येक ग्रुपवर फिरला. फक्त शेवटी जरा आईबिई येऊ द्या."

आईबिई!

हो म्हटलं.

७ एप्रिल

दर सोमवारी सेलमहून व्हिडिओ कॉल येतो. धाकटी जाऊ, क्रांती, स्वयंपाकघरात फोन टेकवून ठेवते आणि भांडी घासता घासता सासूची चौकशी करते. आत्याबाई मोबाइल नाकाला लावून बघतात. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला वाटायचं, सुनेचं तोंड बघतात.

आज मध्येच ओरडल्या, "अगं, ती तोटी सोडून कुटं गेलीस?"

क्रांती मागच्या गॅलरीत गेली होती. नळ धो धो चालू. आत्याबाई दोन्ही हातांनी मोबाइल धरून त्या पाण्याकडं बघत होत्या. डोळ्याची पापणी हलेना.

क्रांती परत आली, हसली. "ऱ्हाऊ द्या वो आत्याबाई, हितं चोवीस तास आसतंय."

फोन ठेवल्यावर आत्याबाई मिश्री लावत बसल्या. मग डबी मिटून म्हणाल्या, "जत्रंला आला की आकारामसंगं जाते मी."

"किती दिवस?"

"आता काय दिवस मोजू? जाते म्हंजे जाते."

मला हसू आलं. मग आलं नाही.

८ एप्रिल

काल शब्द सुचले नाहीत, आज सुचले. आज भाकरी थापता थापता मी आत्याबाईंना पूर्ण व्याख्यान दिलं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खाली उतरायची सोय नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि तिथं तमीळ बोलतात.

"मला काय नळाशी बोलायचंय?" त्या म्हणाल्या.

मग मी हुकमी पान टाकलं. म्हटलं, "आत्याबाई, बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही हललात नाहीत. खडी फोडलीत, सरकारी सुकडी खाल्लीत, पण गाव सोडलं नाहीत. मी लिहिते ना तुमच्यावर. पोरं वाचतात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नववी 'ब'कडं बघते.

"कुनी सांगितलं तुला न्हाई सोडलं म्हनून? गाठोडं बांधलं हुतं की. माझा भाऊ चालला हुता इचलकरंजीला, मागावर. त्येच्या ट्रकात मी, तुझा सासरा, आन काखंत तुझा नवरा, आसं ठरलं हुतं."

"मग?"

"ट्रक शुक्रवारी गेला. खडीचा पगार शनिवारी हुता. धा दिवसाचा आडकला हुता. तुझा सासरा म्हनला, पगार घिऊन फुडच्या ट्रकानं जाऊ." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "फुडं ट्रक आलाच न्हाई."

एवढंच. गेली सहा वर्षं मी ज्या बाईला निष्ठेची मूर्ती म्हणून छापते आहे, ती शनिवारच्या पगारासाठी थांबली होती.

"पण सोसलंत तर खरं," मी म्हटलं.

"सोसलं म्हंजे? दुसरं काय करनार हुते, मास्तरीनबाई? तवा सोसलं ह्येचं कौतिक, मग आता बी सोसत बस म्हन. हे बरं हाय तुझं."

भाकरी करपली.

९ एप्रिल

हंबीररावांना फोन केला. आमचे हे. सतरा वर्षं देशाची सीमा राखली, आता कुपवाडच्या एका कारखान्याचं गेट राखतात. रविवारी येतात, कपडे घेऊन. तिकडं धुवायला पाणी आहे तरी कपडे इथं आणतात — सवय.

"आईला कुपवाडला ठेवता का?"

"खोलीत चार जण हायत. दोघं ड्यूटीवर गेले की दोघं झोपतात. आईला कुठल्या शिफ्टला झोपवू?" मग म्हणाले, "आकाराम नेतोय तर जाऊ दे की. तुझं काय अडलंय?"

माझं काय अडलंय. वा. ह्या घरात पाणी मी भरते, पंचवीस वर्षं. त्या बाईनं मला शिकवलं — घागर कशी भरायची, वर लिंबाची डहाळी कशी टाकायची म्हणजे वाटेत हिंदकळत नाही, शेवटचं तांब्याभर पाणी कशासाठी राखून ठेवायचं. आम्ही दोघींनी मिळून इथं टिकायचं असं न बोलता ठरलेलं होतं. असं मला वाटत होतं. तिनं कधी ठरवलंच नव्हतं. तिचा फक्त ट्रक चुकला होता.

ही फितुरी आहे. दुसरा शब्द नाही.

११ एप्रिल

टँकर आला नाही. ड्रायव्हरच्या मेव्हण्याचं लग्न. लग्नात पाणी असणारच, म्हणून तिकडं गेला असेल.

पिंपात तळाला गाळ. आत्याबाईंच्या अंगाला घामोळं उठलंय. पत्र्याखाली दुपारी कुणाच्याही अंगाला उठेल. हौसाक्कानं न मागता दोन घागरी आणून ओतल्या.

पाण्याच्या उसनवारीचा इथला नियम साधा आहे. घागरीला घागर, काठोकाठ आलेली काठोकाठ परत, आणि कुणी मागायचं नसतं.

"देते टँकर आला की," मी म्हटलं.

"द्या वो बाई. पळून कुटं चाललाय?"

हौसाक्काला लिहिता येत नाही हे माझं नशीब. नाहीतर दादासोंनी माझं सदर तिलाच दिलं असतं.

१३ एप्रिल

लेख लिहायला बसले. गाव सोडावं का?

हा प्रश्न कुणाला पडतो ते आधी बघावं. ज्याच्या घागरी रिकाम्या त्याला पडत नाही. त्याला फक्त कसं जायचं एवढंच पडतं. ज्याला जाता येत नाही त्याच्या तोंडी निष्ठा घालतात, आणि जो गेला त्याच्या तोंडी आठवणी. दोन्ही फुकट मिळतात. हाल जितके जास्त तितका लेख चांगला होतो. तमाशात पूर्वी सोंगाड्या मार खायचा आणि लोक हसायचे. आमच्यात आई उपाशी राहते आणि लोक टाळ्या वाजवतात.

हे सगळं लेखात घालणार होते.

१४ एप्रिल

घातलं नाही. आठशे शब्दांत बसेना. गेलेल्यांना सोललं — त्यांच्या गाड्या, त्यांचे गॉगल, बाटलीतल्या पाण्यानं पाय धुणाऱ्या त्यांच्या बायका. मजा आली. शेवटी आत्याबाई आणल्या: 'दुष्काळ आला, गेला. बनुबाई जागची हलली नाही.'

ट्रक वगळला.

दादासोंचा फोन: "मॅडम, शेवट वाचून अंगावर काटा आला."

१७ एप्रिल

आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, चष्मा, मिश्रीची डबी, औषधाच्या गोळ्या. मी बघितलं आणि वह्या तपासायला घेतल्या. टँकर आला, अर्धा. शाळेच्या पोषण आहाराला आधी गेला, गावाला तळ उरला. हौसाक्काच्या घागरी राहिल्या.

१९ एप्रिल, शनिवार

गाड्या आल्या. तमिळनाडू, केरळ, पंजाब, एक गाडी तर थेट आसामची. सगळ्या काचांवर 'भैरोबा प्रसन्न'. चालवणाऱ्यांच्या तोंडावर, आपण लढाई जिंकून आलो असा भाव. खाली उतरून आधी रस्त्याला नावं ठेवली, मग हवेचं कौतुक केलं.

आकाराम उतरला, माझ्या पाया पडला, आईच्या पाया पडला, डोळे पुसले. क्रांतीच्या नथीत आणखी दोन मोती. मागोमाग पाण्याचे टँकर — विकतचे, तीन. आमच्या दारावरून बंगल्याच्या टाकीत ओतले गेले. लहान पोरं नळीच्या गळतीखाली ओंजळी धरून उभी. क्रांती म्हणाली, "आरं, भिजाल!"

वेशीत फ्लेक्स लागलाय. मी शाळेतून येताना बघितला आणि सायकलवरून उतरले. बारा फुटी. त्यावर आत्याबाई — नळाशेजारचा तोच फोटो, तोच कोरडा नळ. खाली माझं वाक्य. 'दुष्काळ आला, गेला. बनुबाई जागची हलली नाही.' त्याखाली: सौजन्य, समस्त गलाई बांधव. त्याखाली आकाराम, गॉगलसह.

माझं नाव टाकायला जागा उरली नव्हती. देवाची कृपा.

२१ एप्रिल

जत्रा. पालखी, कुस्त्या, बोकडं. पालखीपुढं सोन्याचं नाणं उधळल्यासारखा भंडारा. रात्रीच्या तमाशाला गेलेली मंडळी घरी यायची आहेत. लिहिण्यासारखं काही नाही.

आत्याबाईंनी पालखीला हात जोडले आणि म्हणाल्या, "येते आता." भैरोबाला वाटलं असेल घरी जाते.

२२ एप्रिल, मंगळवार

आज झालं.

बंगल्यात जेवणाची पंगत. भावकी, पाव्हणे, दादासोही आले होते — विशेषांकाची प्रत काखोटीला मारून. आत्याबाईंना मध्ये खुर्चीवर बसवलेलं. गळ्यात हार. मी वाढत होते.

तांबड्या रश्श्याची दुसरी वाढ झाल्यावर आत्याबाई आकारामला म्हणाल्या, "कवा निघनार तुमी?"

"परवा सकाळी, आई."

"माझं गाठोडं तयार हाय."

आकारामला कळलं नाही. "कशाचं?"

"येनार हाय मी तुज्यासंगं."

पंगतीत कुणीतरी हसलं. आकारामही हसला, पण त्याचा हात ताटातच थांबला. क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं. मी ते बघणं ओळखते. शिक्षकांच्या खोलीत बदलीची यादी आली की सगळे एकमेकांकडं असं बघतात.

"आई, तितं काय हाय गं?" आकाराम म्हणाला. "तिसरा मजला. दोन खोल्या. दुकानातली पोरं बी आमच्यातच झोपत्यात. दिवसभर तू एकटी. हवा मानवायची न्हाई."

"पानी हाय न्हवं?"

"पानी हाय, पन—"

"मग बास की."

"आवं आत्याबाई," क्रांती गोड आवाजात म्हणाली, "तुमाला करमायचं न्हाई. ह्या मातीतलं मानूस तुमी."

आणि आकारामला एकदम सुटका सापडली. त्यानं दादासोंच्या काखेतला अंक घेतला, उघडला आणि उभं राहून माझा शेवट मोठ्यांदा वाचला. गलाईवाल्याचा आवाज, भट्टीपुढं कमावलेला. 'बनुबाई जागची हलली नाही.' पंगतीनं टाळ्या वाजवल्या. एका पाव्हण्यानं खरोखर डोळे पुसले.

"बग," आकाराम म्हणाला, "वहिनींनी काय लिवलंय. अख्खी दुनिया वाचती. तू गाव सोडलंस म्हंजे काय ऱ्हायलं?"

"त्ये हिनं लिवलंय," आत्याबाई म्हणाल्या. "मी न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हातात रश्श्याची बादली. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, तालुक्यात तेवढ्यासाठी मला बोलावतात. ट्रक होता माझ्याजवळ. शनिवारचा पगार होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "आणखी रस्सा कुणाला?"

आकाराम आईच्या पुढ्यात उकिडवा बसला. खरं बोलला तो, तेवढं कबूल केलं पाहिजे. "आई, तू हितं हायस म्हनून आमचं गाव हाय. तू तितं आलीस तर आमी जत्रंला कुनाकडं यायचं? मग ह्यो बंगला कशाला?"

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या. "मग बंगला कशाला?"

त्या उठल्या. गळ्यातला हार काढून खुर्चीला अडकवला आणि आत बाथरूममध्ये गेल्या. पाण्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ चालू राहिला. क्रांती गेली, मागून मी गेले. आत्याबाई बेसिनपुढं उभ्या, नळ पूर्ण सोडलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याखाली. धूत नव्हत्या. नुसत्या उभ्या.

"आत्याबाई," क्रांती म्हणाली, "बंद करा. टाकी रिकामी व्हईल."

त्यांनी बंद केला.

२४ एप्रिल, गुरुवार

गेले.

निघताना आकारामनं किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. ह्याही वेळी पाया पडला. मग सूचना.

"वहिनी, गुरुवारी दिवा. फ्रीजचं दार उगडं ठेवलंय, लावू नका, वास मारतोय. सोफ्याची कव्हरं काडू नका. आन टाकीत अजून निम्म्याच्या वर पानी हाय, त्ये तसंच राहू द्या. टाकी कोरडी पडली की तडं जात्यात. लय खर्च झालाय तिच्यावर."

"म्हणजे पाणी टाकीसाठी आहे."

"व्हय," तो म्हणाला. माझा टोमणा त्याला पोचला नाही. चांगला माणूस आहे, हेच तर अवघड आहे.

क्रांतीनं आत्याबाईंना दोन हजार रुपये दिले, पाचशेच्या चार नोटा. आणि एक थर्मास.

बंगल्यात आईला का ठेवत नाही, हे मी तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं. गुळगुळीत फरशी आहे, म्हातारं माणूस घसरेल, असं उत्तर मिळालं होतं. फरशीची काळजी होती की म्हाताऱ्या माणसाची, हे मी विचारलं नव्हतं. पाहुणचाराचे संकेत असतात.

आत्याबाई दारात आल्या नाहीत.

२६ एप्रिल

गाठोडं सुटलेलं नाही. कोपऱ्यात आहे तसं आहे. गोळ्या त्यात आहेत म्हणून मला दोनदा विचारावं लागलं.

"सोडा की ते आता."

"ऱ्हाऊ दे. येईल कुटला तरी ट्रक."

चेष्टेत म्हणाल्या. मी पण हसले. पत्रा इतका तापला होता की हसताना गाल भाजले.

पत्र्याखाली दुपारी दोन वाजता एक माणूस किती दिवस राहू शकतं, आणि राहिलं तर त्याला काय म्हणायचं? वेशीत बारा फुटी फ्लेक्सवर त्याचं उत्तर लावलंय. माझ्याच शब्दांत.

२८ एप्रिल

दादासोंचा फोन. अंक संपला, पुन्हा छापताहेत. पुढचा भाग हवा. "बनुबाईंच्या तोंडून लिवा मॅडम. बोलीत. लोक रडतील."

"त्यांच्या तोंडून लिहिलं तर कुणी छापणार नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे सुचत नाही."

पहिल्यांदाच असं म्हटलं. दादासोंना वाटलं मानधन वाढवून मागते आहे. लगेच वाढवून दिलं. तेही नको म्हटलं, तेव्हा मात्र त्यांना काळजी वाटली. तब्येत विचारली.

टँकर आला नाही.

३० एप्रिल

फ्लेक्सचा एक कोपरा वाऱ्यानं सुटलाय. आत्याबाईंचा चेहरा दुमडला गेलाय, नळ तेवढा दिसतो.

संध्याकाळी हौसाक्का पिंपाजवळ आली, तळ बघितला, परत गेली. तिच्या घरी लेक बाळंतपणाला आली आहे. माझ्याकडं तिच्या दोन घागरी आहेत. तीन आठवडे होत आले. तिनं विचारलं नाही. विचारायचं नसतं.

हौसाक्काच्या घरात एक रांजण आहे. माझ्या शेजारी जमिनीखाली बारा हजार लिटर. टाकी मजेत आहे, तिला एकही तडा नाही.

१ मे, गुरुवार

दिवा लावायचा वार. कुलूप उघडलं. झाडलं. दिवा लावला. कुलूप परत लावलं नाही.

आत्याबाईंना हाताला धरून आणलं. त्यांचं गाठोडं मी घेतलं. अनवाणी पायांनी गुळगुळीत फरशीवर त्या सावकाश चालल्या, घसरल्या नाहीत. कव्हरं मी काढली. त्या शॉवरखाली प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या, आणि मी त्यांची पाठ चोळली. घामोळं अजून गेलेलं नाही. पाणी डोक्यावर पडलं तशा दचकल्या, मग डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "सेलम आलं का गं?"

"आलं."

दुपारी लाइट आली. बेलनं आरती सुरू केली. आत्याबाई सोफ्यावर लवंडल्या होत्या, तिथूनच ओरडल्या, "कोन हाय त्ये? या की आत!"

हंबीररावांना फोन केला, रविवारी कपडे घेऊन कुठं यायचं ते सांगितलं. आकारामला फोन करायचा आहे. करते. टोमणे मारणार नाही, नुसतं सांगणार.

संध्याकाळी दोन घागरी भरल्या. बंगल्याच्या नळाच्या, काठोकाठ, वर लिंबाची डहाळी. हौसाक्काच्या रांजणात ओतल्या.

तिनं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "टाकीचं हाय?"

"हो."

"आन तडं गेलं म्हंजे?"

"जातील."

तिनं डहाळी उचलून झटकली आणि रिकाम्या घागरीत परत घातली. घागरी घेऊन घरी आले. म्हणजे बंगल्यावर.